नौकेतल्या न्हाणीचं पाणी जातं कुठे?

आज आपण एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूबद्दल बोलणार आहोत. शिडाच्या बोटीवर महिनोन्‌महिने राहणारी, भूमध्य समुद्रात किंवा कॅरिबियन बेटांत फिरणारी माणसं असतात. दहा-बारा मीटर लांबीच्या त्यांच्या बोटीत एक छोटी न्हाणी असते. त्या न्हाणीचं पाणी जातं कुठे?

घरी हा प्रश्न आपल्याला पडत नाही. मोरीतून पाणी खाली जातं, कारण खाली जायला जागा असते. बोटीत न्हाणीची फरशी बहुधा समुद्राच्या पातळीच्याही खाली असते. तिथे भोक पाडलं तर पाणी बाहेर जाणार नाही, समुद्र आत येईल. म्हणून ते पाणी आधी एका बंद डब्यात गोळा करायचं आणि मग पंपाने उचलून पाण्याच्या पातळीच्या वर बाहेर टाकायचं. या डब्याला ‘संप’ म्हणतात. इमारतीखाली पाण्याचा संप असतो ना, त्याचाच हा धाकटा भाऊ.

डब्यात चार गोष्टी असतात. पाणी येतं तिथे केस अडवणारी जाळी. बारा व्होल्टचा छोटा पंप. पाण्यावर तरंगणारा फ्लोट, जो वर आला की पंप सुरू आणि खाली गेला की बंद. आणि बाहेर जाणाऱ्या नळीत एकाच दिशेने उघडणारी झडप.

ही झडप कशासाठी? पाऊण इंच व्यासाची दोन मीटर नळी घ्या. तिच्यात साधारण अर्धा लिटर पाणी मावतं. पंप थांबला की ते सगळं डब्यात परत येणार, फ्लोट पुन्हा उचलणार, पंप पुन्हा चालू. झडपेत एक केस अडकला तरी हा खेळ रात्रभर चालतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते.

म्हणजे बघा, सगळा घोटाळा केस आणि साबण यांचा. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग झाला की पांढरट, चिकट साका तयार होतो. तो फ्लोटवर बसतो. फ्लोट वर अडकला तर पंप कोरडाच फिरत राहतो, खाली अडकला तर डबा भरून वाहतो. शिवाय साठलेल्या पाण्यात हवा नसते, तिथे जंतू वाढतात. त्यात समुद्राचं पाणी मिसळलं, तर त्यातल्या सल्फेटपासून हे जंतू सडक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार करतात.

आता सफाई. पहिलं काम, पंपाचा वीजपुरवठा बंद करायचा. मग झाकण उघडून उरलेलं पाणी स्पंजने टिपून घ्यायचं. जाळीतले केस हाताने बाहेर काढायचे. खाली ढकलायचे नाहीत. पंप बैठकीतून सोडवून आतल्या पात्यांभोवती गुंडाळलेले केस काढायचे. फ्लोट कोमट पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने घासायचा. साका निघत नसेल तर पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास ठेवायचं आणि स्वच्छ धुवायचं. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बोटीची केबिन ही फार लहान, बंद खोली असते.

झाकणाची रबरी कड पुसून, स्क्रू सारखे आवळून, वीज सुरू करायची. मग बादलीभर गोडं पाणी ओतायचं आणि पंप आपणहून थांबेपर्यंत तिथेच बसून बघायचं. हे बघणं टाळलं तर सफाई अर्धीच झाली असं समजा. बोटीवर मुक्काम असेल तर जाळी दर दोन-चार दिवसांनी आणि पूर्ण डबा महिन्यातून एकदा. बोट बंद करून जाताना डबा कोरडा करूनच जायचं.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? बोटीच्या तळाशी बिल्ज नावाचा खोलगट भाग असतोच, तिथेही पंप असतोच, न्हाणीचं पाणी तिथेच सोडा की! काही जुन्या बोटींत असं करतातही. पण बिल्जचा पंप कशासाठी आहे? एखादी नळी सुटून समुद्र आत येऊ लागला, तर बोट तरंगती ठेवायला. त्याच्या फ्लोटवर तुमच्या साबणाचा साका बसला तर ज्या रात्री तो लागेल, नेमका त्या रात्री तो उठणार नाही.

आपल्या तत्त्वज्ञानात ऑटो नॉयराट (1882–1945) यांची नौका प्रसिद्ध आहे. ज्ञान म्हणजे भर समुद्रात दुरुस्त करावी लागणारी नौका, तिला गोदीत नेऊन नव्याने बांधण्याची सोय नाही, असं ते सांगत. एक फळी बदलताना दुसऱ्या फळीवर उभं राहावंच लागतं. आपण त्यातून एवढंच घेऊ: ती दुसरी फळी पक्की हवी. न्हाणीचा डबा वेगळा आणि स्वच्छ ठेवायचा तो यासाठी. तो बिघडला तर फार तर न्हाणी तुंबेल, बोट बुडणार नाही.

आज इथेच थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ या.