उतरताना मांड्या का थरथरतात?

काल अजिंक्यतारा किल्ल्यावरून उतरताना सांगलीहून आलेल्या एका काकांनी विचारलं, "चढताना दम लागला, पण मांड्या आत्ता का थरथरतायत?"

कारण उतारावर मांड्या ब्रेकचं काम करतात.

सपाट रस्त्यावरही प्रत्येक पावलाला जमिनीकडून आपल्या वजनापेक्षा थोडा जास्त जोर उलटा येतो. पळताना तो वजनाच्या दुप्पट-तिप्पट होतो.

हा धक्का शरीर टप्प्याटप्प्याने जिरवतं. आधी टाचेखालची चरबीची गादी दबते. नडगीपुढचा स्नायू पाऊल आपटू न देता हळूच टेकवतो. तळपायाची कमान किंचित सपाट होते. गुडघा १५-२० अंश वाकतो आणि मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर धरून ठेवतो. उरलेला धक्का गुडघ्यातल्या आणि मणक्यांमधल्या कूर्चा झेलतात.

उतारावर गुडघा जास्त वाकतो, म्हणून मांडीवर ताणही जास्त. सवय नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय जास्त दुखतात.

यवतेश्वर घाटात पळणारे, सज्जनगडाच्या पायऱ्या उतरणारे, दंडोबाच्या डोंगरावर फिरणारे, सगळ्यांना एकच सांगणं: उतरताना पावलं छोटी टाका, गुडघे ताठ ठेवू नका, गरज वाटली तर काठी घ्या. गुडघा सुजला तर मात्र डॉक्टरांना दाखवा.