क्षितिजावरचं शहर : वेळ, लेन्स आणि एडिटिंग

मंडळी, शहापुरात उभं राहून शहराच्या क्षितिजरेषेचे फोटो कसे काढावेत हे सांगणं थोडं विचित्रच आहे. इथं मान वर करून बघायचं तर मोबाईलचा टॉवर. (हशा) पण इथली मुलं नागपूर, पुणे, मुंबईला जातात, तिथून फोटो पाठवतात, आणि घरचे लोक त्या फोटोवरूनच शहर ठरवतात. पोराला पाठवायचं की नाही, हेसुद्धा. म्हणून आम्हाला हा विषय किरकोळ वाटत नाही.

आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं छायाचित्र निएप्स या फ्रेंच माणसाचं, 1826-27 च्या सुमाराचं. खिडकीतून दिसणारी छपरं! एक्स्पोजर इतकं लांबलं की ऊन भिंतींच्या दोन्ही बाजूंना पडलेलं दिसतं. म्हणजे त्या चित्रात 'किती वाजले' या प्रश्नाला उत्तरच नाही. आपल्या फोटोत मात्र ते असतं, आणि फोटो बिघडतो तो बहुधा तिथंच.

मुंबईचं उदाहरण घेऊ. गेटवे आणि ताज हॉटेल पूर्वेकडे, समुद्राकडे तोंड करून आहेत. तेव्हा घारापुरीच्या लाँचमधून त्यांचा फोटो सकाळी काढायचा. संध्याकाळी त्याच इमारती काळवंडतात. मरीन ड्राइव्हचं उलट. मलबार हिलवरच्या कमला नेहरू उद्यानातून पाहिलं की मावळतीचं ऊन तुमच्या पाठीकडून, उजव्या अंगानं येतं आणि समोरच्या इमारतींवर पडतं. त्यातल्या आर्ट डेको इमारती 2018 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, हे जाता जाता.

पण खरी वेळ सूर्य बुडाल्यानंतरची. आकाश गडद निळं होतं, दिवे लागलेले असतात, आणि दोघांचा उजेड थोडा वेळ बरोबरीचा होतो. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे हा संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो. युरोपातल्या पुस्तकात तासभर लिहिला असेल, त्यावर विसंबू नका. सूर्यास्ताआधी ट्रायपॉड लावून तयार राहा. आयएसओ 100, अ‍ॅपर्चर एफ 8, दोन सेकंदांचा टायमर. शटर काही सेकंद उघडं राहील, राहू द्या. आणि पावसाळ्यात सर येऊन गेली की हवा धुतलेली असते. डिसेंबर-जानेवारीच्या धुरकटात ते मिळत नाही.

आता लेन्स. वाइड लेन्सनं सगळं मावतं, हे खरं. पण लांबच्या इमारती आगपेटीएवढ्या होतात आणि अर्धी चौकट रिकामं आकाश खातं. क्षितिजरेषेला 70 ते 200 मिलिमीटर बरी. वांद्रे किल्ल्यावरून अशी लेन्स लावली की सी लिंकचे मनोरे आणि वरळीचे टॉवर एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. लोक म्हणतात, लेन्सनं अंतर दाबलं. तसं नाही, बरं का! दोन वस्तूंचं आपसातलं प्रमाण तुम्ही कुठं उभे आहात यावर ठरतं. लेन्स फक्त तेवढा तुकडा कापून मोठा करते. विश्वास बसत नसेल तर त्याच जागेवरून वाइड फोटो काढा आणि मधला भाग कापून पाहा. म्हणून आम्ही सांगतो, आधी जागा निवडा, लेन्स नंतर. मोबाईलवाल्यांनी झूम वेगळ्या लेन्सचा आहे की नुसता कापलेला, एवढं पाहावं. कॅमेरा सरळ धरा. वर वाकवलात की इमारती मागं पडतात.

एडिटिंगमध्ये आडवी रेघ सरळ करणं, सावल्या उघडणं, सेन्सरवरचा धुळीचा ठिपका काढणं, यावर वाद नाही. रंगाचं तसं नाही. 2015 मध्ये मरीन ड्राइव्हवर पांढरे एलईडी लावले, तेव्हा लोकांनी 'राणीचा हार' फिका पडला म्हणून ओरड केली. पुढं पुन्हा पिवळसर दिवे आले. आता व्हाइट बॅलन्स ओढून तुम्ही ते दिवे घरबसल्या पांढरे करू शकता. थोडा पिवळेपणा कमी करा, पण डोळ्यांनी पाहिलेली संध्याकाळ शिल्लक ठेवा.

एका श्रोत्यानं मघाशी विचारलं, तारा काढल्या तर चालतं, मग झोपड्या काढल्या तर काय बिघडलं? आमच्या मते तारासुद्धा काढू नयेत, पण तिथं भांडणार नाही. झोपड्यांबाबत भांडू. तिथं माणसं राहतात, आणि शहापूरच्या घरात तो फोटो पाहणाऱ्याचा मुलगा कदाचित तिथंच भाड्यानं राहणार असतो. आकाश बदलून दुसरं चिकटवायचं असेल तर फोटोखाली तसं लिहा. तेवढं लिहिलंत की आमची तक्रार संपली.