कुड्याची साल घ्या, झाड राखा

महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारावरचा पांढरा कुडा तुम्हाला नवा नाही. वळवाच्या सुमारास त्याच्या फुलांची भाजी होते, मुरड्यावर साल ताकात उगाळून देतात. आयुर्वेदातले कुटजारिष्ट याच सालीचे. होमिओपॅथीतल्या ‘कुर्ची’चा मूळ अर्कही हिचाच, मात्र तो पातळ करत नेला की गोळीत साल जवळजवळ उरतच नाही, हे ध्यानात असू द्या.

सालीला गिऱ्हाईक मिळते म्हणून काहीजण बुंधा गोल सोलतात. मग पानांतले अन्न मुळाकडे जात नाही आणि उभे झाड वाळते. त्यापेक्षा फांद्या छाटून साल काढा. कुडा पुन्हा फुटतो.

काळ्या कुड्याची भेसळ करू नका. त्याच्या शेंगांची जोडी कोवळेपणी टोकाला चिकटलेली असते. पांढऱ्याच्या शेंगा सुट्या लोंबतात. पांढऱ्याचे बी, म्हणजे कडू इंद्रजव.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी जैवविविधता नोंदवहीत कुड्याची जागा जरूर लिहावी. आणि पोराला जुलाब लागले तर नुसत्या सालीवर विसंबू नका. जलसंजीवनी पाजा, प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.