शिवारातले विज्ञान

मंडळी, विज्ञान म्हणजे पुस्तक पाठ करायचं, असा आपला समज. आज नर्मदापुरम म्हणतात त्या मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांनी हा समज बाजूला ठेवला. वर्ग सहावी ते आठवीचे. ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ यांनी काम उभारले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक गुरुजींच्या मदतीला आले.

मुले शिवारात निघत. पाने, फुले गोळा करायची, एकमेकांशी ताडून पाहायची, दिसले ते आपल्या शब्दांत वहीत लिहायचे. फूल उकलायला टाचणी नाही? मग बाभळीचा काटा घ्या! शंका उरलीच, तर ‘सवालीराम’ या नावाने पत्र टाकायचे. उत्तर यायचे.

१९७८ साली हे काम जिल्हाभर पसरले. २००२ साली सरकारने ते बंद केले. पण बाभळ काही कुणी बंद केलेली नाही. तेव्हा गुरुजी, मुलाने अडचणीचा प्रश्न विचारला, तर ‘गप्प बस’ म्हणू नका. ‘चल, बांधावर जाऊन पाहू,’ एवढं म्हणा. शास्त्रज्ञ तरी दुसरं काय करतो?