एका बोटाखालची कळ

मिरजेतल्या या पोटविकारांच्या ओपीडीत अकरा वाजून गेलेत आणि टोकनचा आकडा अजून नऊवरच अडलाय. आमचा सतरा. बाकांवर जत आहे, कवठेमहांकाळ आहे, आणि सीमेपलीकडचं अथणी-रायबागही आहे. तिकडच्या बायका कानडीत विचारतात, सिस्टर मराठीत उत्तर देते आणि दोघींचं काही अडत नाही. वहिनी उजवा हात बरगडीखाली धरून बसल्यात. हे आता त्यांच्या लक्षातही येत नाही. भाजी निवडताना, फोनवर बोलताना, टीव्ही बघताना रिकामा हात आपोआप तिथंच जातो.

मांडीवर कापडी पिशवी. तिच्यात सोनोग्राफीच्या फिल्म, डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, आणि तळाशी, लघवी तपासायला देतात तसल्या डबीत, त्यांचे खडे. ऑपरेशननंतर हातात मिळालेले. तुरीच्या डाळीएवढे, हिरवट तपकिरी, आत एकमेकांवर घासून कोपरे पडलेले. घरात दोनदा कुणीतरी ते फेकायला निघालं होतं. वहिनींनी फेकू दिले नाहीत. "कुणी बघायला मागितले तर?"

"तुमची पण पिशवी काढलीया न्हवं?" शेजारचे पटकेवाले आजोबा विचारतात. डबी त्यांनी केव्हाच हेरलेली आहे. "मग आता कशाला आलाय?"

घरात जो तो हेच विचारतो. दुखणारी वस्तूच काढून टाकली, मग आता दुखतंय काय?

"दुखतंय अजून," वहिनी म्हणतात.

"मला दुखत न्हाई. मला नुसतं पळाय लागतंय. च्या-भाकरी पोटात गेली की अर्ध्या तासात बांधाकडं. एष्टीत बसायची चोरी झालीया बघा."

समोरच्या भिंतीवर यकृताचं चित्र लावलंय, खाली पित्ताची हिरवी पिशवी लोंबतेय. यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. पिशवी त्यातलं थोडं घट्ट करून साठवते आणि तुपातेलाचं काही पोटात गेलं की आकसून ते आतड्यात सोडते. पिशवी गेली की साठवण संपली, पित्त सतत झिरपत राहतं. बहुतेकांची आतडी हे मुकाट्यानं सोसतात. आजोबांची सोसत नसावीत. जास्तीचं पित्त मोठ्या आतड्यात उतरलं की जुलाब होतात, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. त्यांनी आपलं दूध बंद केलंय, मग वांगं, मग हरभऱ्याची डाळ. आता ताटात उरलंय काय, असं त्यांची सूनच विचारतेय.

वहिनींचंही आधी असंच झालं. तेल तोडलं, तिखट तोडलं, धन्याजिऱ्याचं पाणी झालं, ओवा झाला. कळ जागची हलली नाही. ऑपरेशन जिथं झालं तिथं पुन्हा सोनोग्राफी झाली, घशातून दुर्बीण घातली, गॅसच्या गोळ्या झाल्या. सगळं नॉर्मल. शेवटी, "टेन्शन घेता तुम्ही." त्या दिवसापासून वहिनींनी घरात 'दुखतंय' म्हणणं सोडलं. "जरा पडते," म्हणतात आणि आतल्या खोलीत जातात. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

सतरा नंबर.

डॉक्टर चाळिशीचे असतील. पिशवीकडे हात जात नाही त्यांचा. खुर्ची पुढे ओढतात आणि विचारतात, "ताई, ऑपरेशनच्या आधी दुखत होतं तेच हे दुखणं, की वेगळं?"

वहिनी माझ्याकडे बघतात. हे आजवर कुणी विचारलेलंच नाही.

"वेगळं," त्या सावकाश म्हणतात. "तेव्हा जेवणानंतर उठायचं. पाठीत जायचं, उलट्या व्हायच्या, तास तास चालायचं. ते नाही आता."

"आणि हे?"

"कूस बदलली की. बादली उचलली, खोकला आला की."

"जेवणाशी काही?"

"भजी खाल्ली तरी नाही," वहिनी म्हणतात आणि ओशाळतात, कारण भजी त्यांना बंद आहेत.

कावीळ? थंडी वाजून ताप? शौचाला पांढुरकं, लघवी गडद? नाही, नाही, नाही. यातलं काही असतं तर मुख्य पित्तनलिकेत खडा राहिलाय का, हे आधी बघितलं असतं, डॉक्टर सांगतात, आणि तसं पुढे कधी झालं तर रात्र असली तरी निघून यायचं. आता ते रिपोर्ट बघतात. यकृताच्या तपासण्या ठीक, नलिका फुगलेली नाही.

"एका बोटानं दाखवा, कुठं ते."

नेहमी सगळा तळवा ठेवणाऱ्या वहिनी टेबलावर आडव्या होतात, एक बोट उचलतात आणि न चाचपडता टेकवतात. दुर्बिणीच्या छिद्राचा वण आहे ना, त्याच्या अगदी कडेला. डॉक्टर आपलं बोट तिथं दाबून ठेवतात. "हात छातीवर घ्या. आता डोकं आणि खांदे वर उचला."

"आई गं!"

"सापडलं," डॉक्टर म्हणतात.

ही परीक्षा जवळजवळ शंभर वर्षांची आहे. फिलाडेल्फियाच्या कार्नेट नावाच्या सर्जननं ती 1926 मध्ये लिहून ठेवली. डोकं उचललं की पोटाचे स्नायू ताठ होतात. दुखणं आतल्या अवयवाचं असेल तर त्या ताठ स्नायूंची आड मिळते आणि कळ कमी होते. वाढली, तर दुखणं पोटाच्या भिंतीतच आहे. स्नायूतून कातडीकडे येणारी बारीक नस वणापाशी आवळली गेली तर असं होतं, आणि ते सोनोग्राफीत दिसत नाही. डॉ. तेहमटन उदवाडियांनी 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पित्ताची पिशवी काढायचं हे ऑपरेशन दुर्बिणीतून केलं. पूर्वी बरगडीखाली वीतभर चीर असायची, ती दुखते म्हटलं तर कुणाला नवल वाटत नसे. आता चार छिद्रं. एवढ्याशा छिद्राचं काय दुखणार, असं आपण सगळेच धरून चालतो.

मी विचारते, एका नातेवाइकांनी पित्तनलिकेचं तोंड दुर्बिणीनं कापून मोठं करून घ्यायला सांगितलंय. डॉक्टर मान हलवतात. तपासण्या नॉर्मल असताना ते करून उपयोग होतो का, हे अमेरिकेत पारखलं गेलं, 2014 मध्ये निष्कर्ष छापून आले. खरोखर कापलेल्यांना नुसतं नाटक केलेल्यांपेक्षा जास्त आराम पडला नव्हता. शिवाय त्यात स्वादुपिंडाला सूज यायचा धोका. "तिकडे कशाला जायचं?"

त्याच जागी ते भूल द्यायच्या औषधाचं इंजेक्शन देतात. थोडा वेळ जातो. "उठा बघू. कुशीवर वळून नको, सरळ."

वहिनी सरळ उठून बसतात. पुन्हा आडव्या होतात, पुन्हा उठतात. कुणी सांगितलेलं नसताना.

"म्हणजे होतं तर," त्या म्हणतात. डॉक्टरांना नव्हे, मला.

अंमल काही तासांत उतरेल, दुखणं परत येईल, घाबरायचं नाही, आणखी इंजेक्शनं लागतील, डॉक्टर बजावतात. रात्री एक गोळी, अगदी कमी ताकदीची. "ही नैराश्यालाही देतात, पण तुम्हाला नसेसाठी देतोय. आधीच सांगून ठेवतो." मग वहिनी डबी काढतात. डॉक्टर ती उजेडात धरून नीट बघतात. "टाकून दिलेत तरी चालतील." वहिनी मान डोलावतात आणि डबी परत पिशवीत ठेवतात.

बाहेर आजोबांच्या हातात पुडीचं औषध आहे. पाण्यात कालवून प्यायचं, बीपीची गोळी त्याच्या तासभर आधी नाहीतर चार-सहा तासांनंतर. वहिनी त्यांच्या फायलीवर हे मोठ्या अक्षरात लिहून देतात. "वांगं खाऊ का मग?" ते विचारतात. सून म्हणते, "आधी पुडी घ्या."

खाली मेडिकलमध्ये पोरगा चिठ्ठी वाचतो, पट्टी काढतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "मॅडम, ही टेन्शनची गोळी आहे."

"नसेची आहे," वहिनी म्हणतात, चांगल्या मोठ्यानं. "बिल कर. आणि सुटे नाहीत म्हणून चॉकलेट देऊ नकोस."