दुसऱ्या वर्षाची किल्ली

१४ ऑगस्ट. दुपारचे बारा वाजत आलेत. मॅडिसनच्या वेस्ट मिफ्लिन स्ट्रीटवर चालायला फूटपाथ उरलेला नाही. झाडांच्या बुंध्यांना टेकवून गाद्या उभ्या आहेत. त्यांच्यापुढे सोफे, सोफ्यांवर चाकांच्या खुर्च्या, खुर्च्यांत उशा, तवे, पंखे, अर्धी उरलेली साबणाची बाटली. एका पुठ्ठ्यावर जाड पेनानं लिहिलंय, ‘फुकट. चालू आहे.’ खाली मायक्रोवेव्ह. मी रस्त्यावर उतरते. तिथेही भाड्याचे ट्रक एकाशेजारी एक उभे आहेत. दिवे लुकलुकताहेत, मागे घेतानाचा टूं-टूं आवाज थांबत नाही.

घरं जुनी, लाकडी, दोन-अडीच मजल्यांची. पुढे ओसरी, आत अरुंद जिना. एका जिन्यावरून सोफा उतरतोय. सोफा दिसतो, माणसं दिसत नाहीत. फक्त आवाज. ‘तिरका कर. अजून. थांब, बोट, बोट!’ सोफा वळणावर अडकतो. खाली उभी असलेली मुलगी केस वर बांधते, एक हात घालते आणि खालचा पाय फिरवून काढते. सोफा सुटतो.

हवा अंगाला चिकटते. पारा तिशीच्या आसपास, पण शहर वसलंय मेंडोटा आणि मोनोना या दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर. दमटपणाला तोटा नाही. रिकाम्या केलेल्या फ्रिजमधल्या नासक्या दुधाचा, शिळ्या बिअरचा, भिजलेल्या गालिच्याचा वास एकत्र होऊन रस्त्यावर साचलाय.

विस्कॉन्सिन राज्याच्या या राजधानीत विद्यार्थ्यांच्या घरांचे बहुतेक भाडेकरार एकाच दिवशी संपतात. १४ ऑगस्टच्या दुपारी जुनं घर सोडायचं, १५ ऑगस्टच्या दुपारी नवं मिळायचं. मधली रात्र कुणाचीच नाही. सामान ट्रकात, माणूस मित्राच्या फरशीवर, नाहीतर गाडीतच. जे पुढच्या घरात मावत नाही ते रस्त्याच्या कडेला येतं आणि ज्याला हवं तो उचलून नेतो. गावात या दिवसाला ‘हिप्पी ख्रिसमस’ म्हणतात.

बॅसेट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर वळते. इथं उचलणारे जास्त आहेत. दोघं जण डोक्यावर टेबल घेऊन चाललेत, बोलणं मराठीत. नुकतेच एमएससाठी आलेले. राइस कुकर मिळाला म्हणून खूश आहेत. ‘झाकण आहे का बघ रे,’ एक म्हणतो. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, त्यांतले बरेचसे असे पदवीनंतर आलेले. त्यांचा पहिला संसार इथूनच उभा राहतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. चांगलं लाकूड कचऱ्यात जाण्यापेक्षा कुणाच्या तरी अभ्यासाला लागतं.

पण आज या रस्त्यांवर माझं लक्ष वेगळ्याच मुलांकडे जातं. वय एकोणीस. कॉलेजचं एक वर्ष झालेलं, दुसरं सुरू व्हायचंय.

गेल्या वर्षी ही मुलं डॉर्मवर आली तेव्हा दारात स्वागताचे फलक होते. एकरंगी टी-शर्ट घातलेले स्वयंसेवक गाडीतून सामान काढून ढकलगाडीवर चढवत होते. खोलीत पलंग, टेबल, कपाट आधीच होतं. खाली जेवणाचा हॉल. विजेचं बिल कुणाला येतं हे ठाऊक असण्याची गरज नव्हती. यंदा फलक नाहीत, ढकलगाडी नाही. खोली रिकामी, भिंती पांढऱ्या, पलंग स्वतः आणायचा. पहिल्या वर्षाचं कौतुक सगळे करतात. दुसऱ्या वर्षी परतणाऱ्याचं कुणी करत नाही, आणि मला वाटतं घर खरं सुटतं ते याच वर्षी.

१५ ऑगस्ट. सकाळपासून घरमालकांच्या ऑफिसांबाहेर रांगा. किल्ल्या इथून मिळणार. रांग इमारतीला वळसा घालून मागच्या गल्लीत गेलीय. सावली फक्त पहिल्या दहा जणांना. बाकीचे डोक्यावर फाईल धरून उभे. आईवडील पाण्याच्या बाटल्या पुढे-मागे करताहेत. रिकाम्या घरांतून व्हॅक्यूमचा घरघराट ऐकू येतो. काल संध्याकाळपासून सफाईवाले एका घरातून दुसऱ्या घरात चाललेत. वेळ थोडा आहे, घरं पुष्कळ.

माझ्यापुढे एक मराठी कुटुंब. शिकागोच्या उपनगरातून अडीच-तीन तास गाडी चालवून आलेलं. मुलीच्या हातात ओळखपत्र आणि छापलेला करार. आईच्या हातात पिशवी, त्यात भाजणीचं पीठ आणि मसाल्याचा डबा.

‘आज पंधरा ऑगस्ट,’ आई म्हणते. ‘आम्ही या वेळेला शाळेत झेंडावंदन करून खाऊ घेऊन घरी आलेलो असायचो.’

‘आई, तिकडे आता रात्र आहे,’ मुलगी हसते.

रांग दोन पावलं सरकते.

फूटपाथवर एक गादी आहे, प्लॅस्टिकच्या आवरणात. आई वाकून बघते. ‘अगं, ही नवीच दिसतेय.’

‘नको, आई. ढेकूण असले तर घरभर होतील. मी मागवलीय, खोक्यात गुंडाळून येते ती. लाकडाचं काही असेल तर घेऊ.’

बाबा काही बोलत नाहीत. करारावर हमीदार म्हणून सही त्यांची आहे. पण हे घर शोधलं मुलीनं, गेल्या नोव्हेंबरात. तेव्हा पहिलं सत्रही संपलेलं नव्हतं. इथं घरं इतकी आधी ठरतात की कुणाबरोबर राहायचं हे नीट ओळख व्हायच्या आतच ठरवावं लागतं.

चौघींनी मिळून घेतलं होतं. चौथी परत येत नाहीये. मुलगी हे सांगते तेव्हा आवाज बदलत नाही, फक्त करार दुसऱ्या हातात घेते. घरी पैशांची अडचण आहे, ती गावाजवळच्या छोट्या कॉलेजात जाणार. देशभरचा हिशोब पाहिला तर पहिल्या वर्षाला आलेल्या शंभरातली साधारण ७५ मुलं दुसऱ्या वर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजात परततात. उरलेली पंचवीस, आणि हिच्यासारखी कॉलेज बदलणारी, या रांगेत दिसत नाहीत. त्यांची फक्त रिकामी खोली दिसते. करार चौघींचा एकत्र असल्यामुळे तिच्या वाट्याचं भाडंही उरलेल्या तिघींच्या डोक्यावर. पोटभाडेकरू शोधणं चाललंय.

‘रोज बोलतो आम्ही तिच्याशी,’ मुलगी म्हणते. ‘तिची चूक नाहीये.’

बारा वाजून गेल्यावर किल्ली मिळते. पितळेची, छोटी, नंबराचा बिल्ला लावलेली. तिसरा मजला. लिफ्ट नाही. खोकी वर चढवताना मीही दोन हातात घेते. दार उघडल्यावर रंगाचा ओला वास. बाबा खिडक्या उघडायला लागतात, दोन उघडतात, एक अडते. खिडकीतून स्टेट स्ट्रीटच्या बाजूची छपरं दिसतात आणि टोकाला राज्याच्या विधानभवनाचा पांढरा घुमट. वर्ग सुरू व्हायला अजून बरेच दिवस आहेत. राज्याच्या कायद्यानुसार सरकारी विद्यापीठात १ सप्टेंबर उलटल्याशिवाय वर्ग भरत नाहीत. तोवर तिला घर लावायचंय, आणि कुठला मुख्य विषय घ्यायचा तेही ठरवायचंय. पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात. चुकीच्या वाटेवर फार खर्च करून चालत नाही.

आई मसाल्याचा डबा ओट्यावर ठेवते आणि फडकं शोधते. मुलगी तिला थांबवते. ‘आधी काही पुसू नकोस. आधी फॉर्म.’

फॉर्म म्हणजे घराच्या अवस्थेची यादी. जे मोडलेलं असेल ते ७ दिवसांत लिहून द्यायचं. नाहीतर वर्षाअखेरी ते भाडेकरूनंच मोडलं असं धरून डिपॉझिटमधून पैसे कापले जाण्याची भीती. घर सोडल्यावर डिपॉझिटचा हिशोब मालकानं २१ दिवसांत द्यायचा असतो. हे तिला वरच्या वर्गातल्या मुलींनी सांगितलंय.

बाबा फोन काढून फोटो घ्यायला लागतात.

‘मी काढते, बाबा. तारखेसकट माझ्याकडेच हवेत.’

ती जमिनीवर मांडी घालून बसते. खिडकीची जाळी फाटलेली. कपाटाच्या दाराला मूठ नाही. गालिच्यावर डाग, दोन. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडते, बंद करते. थेंब पडत राहतात. यादीत चौथी ओळ लिहून ती ऑफिसला फोन लावते. बराच वेळ संगीत वाजतं. पलीकडून कुणीतरी सोमवारचं नाव काढतं.

‘सोमवारी किती वाजता?’ ती विचारते. ‘आणि हे मला ईमेलवर लिहून पाठवाल का?’