आत्या : बारशाचा मान ते सहस्रचंद्रदर्शन

• आत्या : वडिलांची बहीण. तिचे यजमान आतोबा, मुले आत्येभावंडे. आईची बहीण ती मावशी; काकांची बायको काकू.

• बारसे : प्रथेने बाराव्या दिवशी, हल्ली सोयीने. नाव ठेवण्याचा मान आत्याचा. बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून ती नाव सांगते, तोवर मागून बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. धपाटे लटके, मोजून मात्र कोणी घालत नाही.

• अमृतमहोत्सव : पुढे आत्याच्या वयाची ७५ वर्षे पूर्ण झाल्याचा सोहळा.

• सहस्रचंद्रदर्शन : आयुष्यात हजार पौर्णिमा. दोन पौर्णिमांमधले सरासरी अंतर सुमारे २९.५३ दिवस, म्हणजे हजार पौर्णिमांना साधारण ८० वर्षे १० महिने. म्हणून हा सोहळा एक्याऐंशीव्या वर्षी करतात.